आंबोलियाचं बजेट आणि कूलरचा पंप

आमच्या भाचीला शाळेनं सुट्टीत प्रोजेक्ट दिलाय, एक काल्पनिक विकसित देश तयार करा आणि त्याची अर्थव्यवस्था चार्ट आणि मॉडेलमधनं दाखवा. आता दहावीला जाणार ती, म्हणजे एसएसएलसीचं वर्ष, दादा-वहिनीला वाटत होतं सुट्टीत गणिताचा क्लास लावावा, पण हिला ह्या प्रोजेक्टचाच नाद लागला आणि वही घेऊन सरळ माझ्याकडं आली, कारण मी बेळगावात शहापुरात पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी कॉमर्सच्या पोरांना इकॉनॉमिक्स आणि अकाउंट्स शिकवते, सोळा वर्षं झाली. देशाचं नाव आंबोलिया. मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे आंबोलीला गेलो होतो, धुकं, धबधबा, गरम कणीस, तिला ते एवढं आवडलंय की तिचा देश म्हणजे डोंगर, धो धो पाऊस, एक बंदर आणि 60 लाख लोक. माणशी वर्षाचं उत्पन्न 60,000 डॉलर. चलनाचं नाव आंबो.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, "आमच्या देशात सोन्याची खाण आणि गॅस सापडला म्हणून देश श्रीमंत झाला. टॅक्स नाही. शाळा, दवाखाना, बस सगळं फुकट. गरीब कोणीच नाही."

मी ते वाचून गप्पच बसले थोडा वेळ. पोरीचं काही चुकलं म्हणून नाही, तर माझ्याकडं येणारी अठरा वर्षांची पोरंही अशीच उत्तरं लिहितात आणि मोठी माणसंही असंच बोलतात म्हणून. श्रीमंत देश म्हटलं की कायतरी सापडलं असणार, लॉटरी लागली असणार. मग तिला म्हटलं बस इथं, आपण हा देश नीट उभा करूया, वरवर नको. आठ दिवस आम्ही त्यातच होतो आणि त्या आठ दिवसांत मला स्वतःला जे उलगडलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

सोन्याच्या खाणीवर मी तिला आधी नाऊरूची गोष्ट सांगितली. प्रशांत महासागरातलं बेट, सगळा देश 21 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव शहराहूनही लहान. तिथं फॉस्फेट सापडलं, खतासाठी जगभर मागणी. 1968 ला स्वातंत्र्य मिळालं आणि सत्तरच्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत त्याची गणती व्हायला लागली. इन्कम टॅक्स नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. अगदी हिच्या पहिल्या पानासारखं. मग फॉस्फेट संपत आलं, जमीन खरवडून मधल्या भागात नुसते दगडाचे सुळके उरले, आणि पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेला ट्रस्टचा पैसा वाईट गुंतवणुकीत आणि उधळपट्टीत गेला. पोरगीनं विचारलं, "मग आता ती माणसं काय करतात आत्या?" मी सांगितलं की बाहेरच्या मदतीवर बरंच चालतंय, आणि दुसऱ्या देशाला नको असलेले आश्रयाला आलेले लोक आपल्याकडं ठेवून घेऊन त्याचे पैसे घेण्याची वेळ आली. ती ऐकून तिनं खाणीवर पेन्सिलनं फुली मारली. गॅस मात्र ठेवला, म्हणाली, "गॅस राहू दे की, पण नीट वापरू."

नीट म्हणजे कसं, तर नॉर्वेसारखं. त्यांना 1969 ला उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं. विशेष म्हणजे त्यांचं धोरण घडवणाऱ्यांत फारूक अल-कासिम नावाचा बसऱ्यात जन्मलेला इराकी भूगर्भशास्त्रज्ञ होता, तेलानं देशाचं काय होतंय हे त्यानं आपल्या मुलखात बघितलेलं. 1990 ला कायदा करून फंड काढला, पहिला पैसा त्यात पडला 1996 ला, आणि सरकारनं स्वतःवर नियम घालून घेतला की फंडातनं वर्षाला साधारण 4 टक्केच खर्चायचे, पुढं 2017 ला तो आकडा 3 टक्क्यांवर आणला. मुद्दल हलवायचं नाही. आणि हा फंड पैसा गुंतवतो तो सगळा देशाबाहेर.

"बाहेर का पण? आपल्याच देशात रस्ते बांधायचे की!" हा प्रश्न तिचा, आणि खरंच चांगला प्रश्न. ह्याचं उत्तर मी नाही, दादानं दिलं. दादाचं उद्यमबागेत छोटं युनिट आहे, दोन लेथ, एक मिलिंग, हायड्रॉलिक सिलिंडरचं जॉबवर्क करतो, आणि ज्या पार्टीला माल देतो त्यांचा बराच माल एक्सपोर्टला जातो. तो जेवता जेवता म्हणाला, "डॉलर स्वस्त झाला की आमच्या पार्टीचा फोन येतोय बघ, रेट कमी करा म्हणून. माल तोच, लोखंड तेच, काम तेच, पण तिकडं आपला माल महाग झाला." मी म्हटलं दादा, तू जे बोललास ना त्यालाच डच डिसीज म्हणतात. हॉलंडमध्ये 1959 ला ग्रोनिंगेनला प्रचंड गॅस सापडला, गॅस विकून परकीय चलन धो धो आलं, त्यांचा गिल्डर वधारला आणि त्यांच्या कारखान्यांचा माल बाहेर महाग होऊन बसला. 1977 ला इकॉनॉमिस्ट साप्ताहिकानं त्याला हे नाव दिलं. म्हणजे आंबोलियानं गॅसचे सगळे डॉलर घरी आणून उधळले तर आंबो एवढा तगडा होईल की आंबोलियातल्या दादासारख्या माणसाचं युनिट बंद पडेल. आणि गॅस संपल्यावर ते युनिट परत सुरू होत नाही, कारण तोवर फिटर गेलेला असतो, टर्नर गेलेला असतो, पोराला शिकवणारं कोण राहिलेलं नसतंय. दादा त्यावर नुसता "हां" म्हणाला आणि भात कालवत राहिला, पण त्याच्या लक्षात आलेलं मला कळलं, त्याचा पन्नाशीचा टर्नर मागच्या वर्षी गेला तेव्हापासनं तसा माणूस मिळालेला नाही त्याला.

टॅक्सचं पान फार वेळ चाललं नाही. मी विचारलं बस फुकट तर ड्रायव्हरला पगार कोण देतंय गे? तिला पटलं. डेन्मार्कचं सांगितलं, तिथं सगळा मिळून टॅक्स जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या वर आहे आणि जवळजवळ प्रत्येक वस्तूवर 25 टक्के व्हॅट, आणि तरी लोक देतात कारण मोबदल्यात शाळा-दवाखाना दिसतो. तिनं आंबोलियात 38 टक्के ठेवला. कसा काढला विचारलं तर म्हणाली 40 ऐकायला जास्त वाटतंय. ठीक आहे, अर्थमंत्रीही असाच विचार करत असणार.

पण खरी मजा आली ती मागापाशी.

आमच्या आज्जीचं माहेर वडगावचं. घरात खड्ड्यातला हातमाग होता, नंतर यंत्रमाग आले. वडगाव, खासबाग, शहापूर ह्या भागात लहानपणी गल्लीत शिरलं की खटाखट आवाज यायचा, आम्हाला शाळेच्या घंटेसारखा तो आवाज सवयीचा. आज्जी सांगायची की तिला धोट्याच्या आवाजावरनं कळायचं बाणा तुटलाय, आतल्या खोलीत भाकरी थापता थापता ती ओरडायची, अरे धागा बघ. भाचीनं आज्जीकडनं हे सगळं ऐकलंय म्हणून तिची अट होती की आंबोलियात हातमाग पाहिजेच. विकसित देश असला म्हणून काय झालं.

मी म्हटलं चल हिशोब घालू. माणशी 60,000 डॉलर वर्षाला, कामाचे दिवस 250 धर, म्हणजे ढोबळ मानानं दिवसाला 240 डॉलर. हातमागावर साडीला तीन दिवस धर. तीन दिवसांची मजुरीच 720 डॉलर झाली, आपल्या रुपयात 60,000 च्या वर, अजून सूत नाही, रंग नाही, दुकानदाराचं काही नाही. तिचे डोळे मोठे झाले. "एका सुती साडीला?" हो, एका सुती साडीला. कारण विणकराला तुझ्या देशात दिवसाला 240 डॉलर दिले नाहीत तर तो माग सोडून बस चालवायला जाईल, बसवाल्याला तेवढे मिळतायत.

हे विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी 1966 ला नाटक-संगीताच्या धंद्याचा अभ्यास करताना मांडलं. चौघांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं जेवढ्या वेळात वाजवायची तेवढ्याच वेळात आजही चारच माणसं वाजवतात, त्यात मशीन घालून वेळ वाचत नाही, पण त्या चौघांचा पगार मात्र कारखान्यातल्या माणसाबरोबर वाढत जातो, नाहीतर ते वाजवणं सोडतील. म्हणून श्रीमंत देशात टीव्ही स्वस्त आणि केस कापणं महाग. खडेबाजारात माझा पुतण्या शंभर रुपयात केस कापून येतो, ओस्लोत त्याच कटिंगला आपल्या रुपयात हजारांत मोजावे लागतात, आणि तिथल्या न्हाव्याची कात्री काही जास्त जोरात चालत नाही. सगळा देशच जास्त उत्पादन काढतोय म्हणून न्हाव्यालाही त्याचा वाटा मिळतो. मला ही गोष्ट शिकवताना दरवर्षी भरून येतं, कारण ह्याचा उलटा अर्थ असा की आपल्या न्हाव्याला, आपल्या कामवाल्या मावशीला, आपल्या विणकराला जे कमी मिळतंय ते त्यांच्या हातात कसब नाही म्हणून नाही. ते कुठं उभे आहेत त्यावर ते ठरतंय.

मग माग बंद? भाची रडकुंडीला आली. मी तिला स्वित्झर्लंडच्या घड्याळाचं सांगितलं. 1969 च्या नाताळात जपानच्या सेकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ धंद्यातली माणसं 90,000 च्या आसपास होती ती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आली. गावंच्या गावं त्या एका धंद्यावर, वडगावसारखी. 1983 ला त्यांनी प्लास्टिकचं स्वॉच काढलं, भाग कमी केले, 51 भागांत घड्याळ, मशीनवर जोडायचं, म्हणजे महाग मजुरीचा भाग कमी केला. आणि दुसऱ्या बाजूला हातानं जोडलेलं चावीचं घड्याळ सावकाश चैनीची वस्तू म्हणून विकायला लागले, ज्याला परवडतंय तो लाखो देऊन घेतो. म्हणजे धंदा वाचला. पण ज्यांची नोकरी गेली त्यांतले बहुतेक परत त्या टेबलावर बसले नाहीत.

इथं मी अडले. कारण तिला सांगायचं होतं की विकसित देशात माग वाचवायचा की मागावरचा माणूस हा प्रश्न वेगळा वेगळा सुटतो. डेन्मार्कमध्ये मालकाला माणूस कमी करणं तसं सोपं आहे, किमान वेतनाचा कायदाच नाही तिथं, युनियन आणि मालक बसून ठरवतात, पण काम गेलं तर दोन वर्षांपर्यंत बेकारभत्ता मिळतो, नवीन काम शिकवायची सोय सरकार करतंय. म्हणजे माग गेला तरी माणूस पडत नाही. आणि हे सांगताना माझ्या डोळ्यासमोर आज्जीचा भाऊ. सुरतचा स्वस्त माल आला, सुताचा भाव चढला, त्यांनी दोन माग किलोच्या भावानं भंगारात दिले. मी तेव्हा कॉलेजला होते, टेम्पोत चढवताना लाकडी भाग हमालानं पायानं तोडला कारण लाकडाला भाव नव्हता, लोखंडच पाहिजे होतं. आजोबा दारात उभे होते आणि आत येऊन त्यांनी फक्त पाणी मागितलं. नंतर एका अपार्टमेंटला रात्रीचा वॉचमन म्हणून लागले, जाईपर्यंत तेच केलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं काठ जुळवला त्याला एक रुपयाचा भत्ता नाही, एक दिवसाचं ट्रेनिंग नाही. कोणाचा राग धरावा हे मला कळत नाही, पण राग आहे.

भाचीनं आंबोलियाच्या बजेटमध्ये "विणकर कल्याण" अशी ओळ घातली आणि पुढं आकडा लिहिला 2 टक्के. मी तो बदलायला सांगितला नाही.

आता मॉडेल. चार्ट तर सगळीच मुलं करणार, थर्माकोलच्या बिल्डिंगा करणार. मला बिल फिलिप्सच्या मशीनची आठवण झाली आणि मी दादाला फोन लावला, कारण हे मशीन म्हणजे बेळगावातच करायची गोष्ट. फिलिप्स न्यूझीलंडचा, दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनियर, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत जावा बेटावर काढली वर्षं, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला आला, जिथं त्याच्या आधी बाबासाहेब आंबेडकर शिकले तेच. तिथं त्याला पुस्तकातली समीकरणं बघून वाटलं हे सगळं तर पाण्यासारखं वाहतंय. 1949 ला त्यानं क्रॉयडनला घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या टाक्या, नळ्या आणि बॉम्बर विमानांचे मोडीतले भाग वापरून देशाची अर्थव्यवस्था पाण्यावर चालवून दाखवली. माणसापेक्षा उंच मशीन, रंगीत पाणी. वरच्या टाकीतनं उत्पन्न खाली येतं, वाटेत एक नळी टॅक्स काढून घेते, एक बचत, एक आयात, आणि उरलं ते खर्च. मग सरकारचा खर्च, गुंतवणूक आणि निर्यात दुसऱ्या नळ्यांनी परत येऊन मिळतात, आणि पंप सगळं वर चढवतो. व्याजदर बदला, टॅक्स बदला, पाण्याची पातळी बदलते. एक आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

दादानं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "प्रेशर किती लागेल?" मी म्हटलं काही नाही रे, कूलरचा पंप पुरे.

रविवारी युनिट बंद असतंय, आम्ही तिघं गेलो. हायड्रॉलिक ऑईलचे पाच लिटरचे कॅन धुऊन घेतले, तरी तेलाचा वास गेला नाही, पाण्यावर तवंग आला तेव्हा दादानं साबणसोडा घालून परत धुतले. पारदर्शक नळी, पितळी बॉल व्हॉल्व्ह, टॅक्ससाठी नीडल व्हॉल्व्ह कारण तो बारीक बारीक फिरवता येतो, टेफ्लॉन टेप, एम-सील. पाण्यात निळी शाई. भाचीनं प्रत्येक व्हॉल्व्हला कागदाचं लेबल चिकटवलं, मराठीत एक बाजू आणि कन्नडमध्ये दुसरी बाजू कारण त्यांच्या वर्गात दोन्ही बोलणारी मुलं आहेत. तेरिगे म्हणजे टॅक्स, उळिताय म्हणजे बचत. तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, मला अभिमान आहे त्याचा.

पंप सुरू केला आणि पहिल्यांदा काहीच वर चढेना. दादानं नळीतली हवा काढली, मग चढलं. आणि मग जे बघितलं ते सोळा वर्षं फळ्यावर बाणाच्या आकृत्या काढूनही मला कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं. पोरगीनं टॅक्सचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, तिच्या पहिल्या पानासारखा. खर्चाची नळी भरून वाहायला लागली, सगळे खूश, आणि दोन मिनिटांत सरकारची टाकी रिकामी, तिथनं परत येणारी धार थांबली, आणि सगळ्याचीच पातळी हळूहळू खाली यायला लागली. ती गप्प बघत होती. मग तिनं टॅक्स पूर्ण उघडला, तर खर्चाची धार थेंब थेंब झाली. मग ती नीडल व्हॉल्व्ह पाव पाव फेऱ्यानं फिरवत बसली, अर्धा तास, दादानं चहा आणला तरी उठेना. शेवटी एका जागी पातळी स्थिर राहिली तेव्हा तिनं मार्करनं टाकीवर रेघ मारली.

त्यातच आयात-निर्यात कळावं म्हणून मी तिला विचारलं की आपल्या बेळगावचं पाणी कुठनं कुठं वाहतंय ते सांग. ती सांगत गेली आणि मला आश्चर्य वाटलं तिला किती माहीत आहे. भाजी आणि दूध गोव्याला जातंय. उद्यमबागेतनं कास्टिंग आणि सिलिंडर जातात, हत्तरगीकडनं विमानाचे भाग जातात, साखर जाते. चंदगडकडची माणसं बाजारासाठी इकडं येतात म्हणजे महाराष्ट्रातला पैसा इकडं. निपाणीची तंबाखू. मग मी विचारलं आणि काय जातंय? थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "माणसं जातात. माझा दादा पुण्याला गेला, शेजारची ताई जर्मन शिकायला लागलीय, नर्सिंग झालंय ना तिचं."

इथं मी थांबले कारण आंबोलियाच्या वहीत एक पान आम्ही अजून उघडलंच नव्हतं. विकसित देशाचं ते सगळ्यात मोठं पान आहे आज. मुलं होत नाहीत. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला बाईमागं 2.1 मुलं लागतात, दक्षिण कोरियात 2023 ला तो आकडा 0.72 होता. जपानमध्ये दर शंभरातली साधारण 29 माणसं 65 च्या पुढची आहेत. रस्ते चकचकीत, ट्रेन सेकंदाला धरून येते, आणि म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालायला हात नाहीत. आणि ह्या कामाला बॉमोलचं तेच लागू होतं, आजारी माणसाची कूस बदलायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. म्हणून जपाननं 2019 पासनं नवीन व्हिसा काढून बाहेरची कामगार माणसं घ्यायला सुरुवात केली, त्यात म्हाताऱ्यांची काळजी घेण्याचं काम आहे. जर्मनी नर्स शोधतंय. शेजारच्या ताईचं जर्मन त्याच नळीतनं येतंय.

हे मी सांगत होते तेव्हा भाची वहीत लोकसंख्येच्या पानावर लिहीत होती, "कामाला बाहेरून लोक आणणे." मग तिनं वर बघितलं.

"आत्या, बाहेरून म्हणजे आपल्याकडनंच ना?"

मी हो म्हटलं.

"मग त्यांना शिकवलं कोणी? त्या ताईचा कॉलेजचा खर्च?"

तिच्या बाबांनी. खानापूरकडं त्यांचा ऊस आहे, एका कारखान्याकडनं बिल दोन हंगाम उशिरा आलं तेव्हा ताईच्या फीसाठी त्यांनी सोनं ठेवून कर्ज काढलं, आम्हाला माहीत आहे कारण तिची आई माझ्याकडं येऊन बसली होती तेव्हा. ताई तिकडनं पैसे पाठवेल, घर बांधतील, ते चांगलंच आहे, मी तिला जाऊ नको कधीच म्हणणार नाही. तिनं जावं. तिच्या आईवडिलांना तीस वर्षांनी कूस बदलायला कोण असेल हेही मला तेवढंच खरं वाटतं, दोन्ही एकाच वेळी.

भाचीनं थोडा वेळ पंपाकडं बघितलं. पंप खालच्या बादलीतनं पाणी ओढत होता, ती बादली आम्ही कोणी मोजली नव्हती, तिला लेबलही नव्हतं, ती नुसती पाणी घालायला ठेवलेली लाल बादली. इतका वेळ गळती आणि उडालेलं पाणी भरून काढायला दादा मधनं मधनं तिच्यात तांब्यानं पाणी ओतत होता.

"पप्पा," ती म्हणाली, "ह्या बादलीलाही टाकी पाहिजे. लेबल लावायचंय. आणि वरनं खाली परत येणारी एक नळी."

दादानं विचारलं परत येणारी नळी कशाला, पाणी तसंही पडतंय की खाली.

"तसं नको, व्हॉल्व्ह पाहिजे त्याला. पैसे परत पाठवतात ना, तो. आणि अजून एक, माणसं परत आली तर."

दादा उठला आणि रॅकवर 12 एमएमचा एल्बो शोधायला लागला. दोन व्हॉल्व्ह शिल्लक नव्हते, एकच होता. त्यानं जुन्या पॉवर पॅकचा काढून दिला, थोडा घट्ट फिरतो तो, पोरीला दोन्ही हात लावावे लागतात. लेबलवर काय लिहायचं ह्यावर आमचं अजून ठरलेलं नाही, मी म्हणते "बेळगाव" लिही, ती म्हणते शाळेत नको, नुसतं "गाव" लिहिते. मॉडेल सोमवारी न्यायचंय, ऑटोत मावेल की दादाचा टेम्पो लागेल ते बघायचंय.